डोक्यामागची शिवण

नदीच्या घाटावर दहाव्याचा विधी चालला आहे. वडील गेलेल्या घरातील थोरला मुलगा न्हाव्यासमोर बसतो आणि थोड्याच वेळात त्याचे डोके गुळगुळीत होते. मग मागे उभ्या असलेल्या नातलगांना एक गोष्ट दिसते. एका कानामागून निघून दुसऱ्या कानामागे पोचणारी, पेन्सिलीएवढी जाड, पांढुरकी, चकचकीत रेघ. कोणी तरी हळूच विचारतो, डोक्याला एवढे मोठे कधी लागले होते? गृहस्थ उत्तर देत नाहीत. आठ वर्षांपूर्वी त्यांनी कपाळावर केस लावून घेतले होते, हे त्यांच्या पत्नीवाचून कोणालाच ठाऊक नव्हते. ते लावलेले केस तर न्हाव्याने आताच उतरविले. मागची रेघ मात्र उरली.

हा प्रसंग कल्पिलेला आहे. पण आपल्या देशात तो सहज घडण्याजोगा आहे. पाश्चात्त्य माणसाला आपले डोके पूर्ण उतरविण्याची वेळ क्वचितच येते. आपल्याकडे आईबापांचे क्षौर आहे, तिरुपतीचा नवस आहे, लष्करात वा पोलिसांत भरती झालेल्या तरुणाचे बारीक कापलेले केस आहेत. म्हणून केशारोपणाचा विचार करणाऱ्याने पुढे केस किती दाट येतील एवढेच न पाहता मागे काय उरेल हेही पाहिले पाहिजे. आणि मागे काय उरेल हे पुष्कळसे एका साध्या दिसणाऱ्या कामावर अवलंबून असते. ते काम म्हणजे केस काढून घेतल्यावर राहिलेली जखम कशी मिटविली, हे होय.

मुळात केस मागूनच का घेतात? पुरुषाचे टक्कल कपाळापासून व टाळूपासून पडत जाते. पण कानांच्या वर व डोक्याच्या मागे केसांचा एक पट्टा बहुधा म्हातारपणापर्यंत टिकतो. जपानमधील त्वचारोगतज्ज्ञ शोजी ओकुडा यांनी १९३९ साली केस असलेल्या कातडीचे लहान गोल तुकडे दुसरीकडे लावता येतात असे लिहून ठेवले होते. परंतु युद्धाच्या धामधुमीत ते जपानी लिखाण पश्चिमेकडे पोचलेच नाही. पुढे न्यूयॉर्कचे नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५२ मध्ये टकलावर मागचे केस लावले आणि १९५९ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांनी दाखविले ते असे की, केस ज्या जागेवरून आला त्या जागेचा गुण घेऊन येतो. मागचा टिकाऊ केस पुढे लावला तरी तो टिकाऊच राहतो. सगळे केशारोपण या एका गोष्टीवर उभे आहे.

कोकणात किंवा गोव्यात भाताची लावणी पाहिलेल्यांना ही कल्पना समजावयास वेळ लागणार नाही. एका वाफ्यात तरवा वाढवावयाचा आणि तो उपटून चिखलणी केलेल्या शेतात लावावयाचा. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की भाताच्या वाफ्यात पुढल्या वर्षी पुन्हा बी पेरता येते. डोक्यामागच्या वाफ्यात दुसरी पेरणी नाही. तेथून काढलेले केसाचे मूळ पुन्हा उगवत नाही. जे आहे ते जन्माबरोबर आलेले भांडवल आहे, आणि त्यातून काढलेल्या प्रत्येक तुकड्याची खूण तेथे राहते.

ओरेन्ट्राइक यांच्या वेळची खूण फार ठळक असे. सुमारे ४ मिलिमीटर व्यासाच्या पोकळ, धारदार नळीने कातडीच्या टिकल्या काढीत आणि मागची भोके न शिवता तशीच भरून येऊ देत. शाळेतील गणिताने पाहिले तर ४ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ साडेबारा चौरस मिलिमीटरांच्या वर जाते. अशा ५०० टिकल्या म्हणजे ६० चौरस सेंटिमीटरांहून अधिक जागा. एवढ्या जागेवर पांढऱ्या वाटोळ्या डागांची रांगोळी उठे. पुढेही केस बाहुलीच्या डोक्यावर असतात तसे झुबक्याझुबक्यांनी दिसत. मागचे केस लांब ठेवून माणूस ते झाकीत असे.

पुढे टिकल्यांऐवजी कातडीची एक लांब, अरुंद पट्टी कापून घेण्याची पद्धत आली. केस कातडीतून एकेकटे न निघता एक ते चार केसांच्या लहान गुच्छांनी निघतात. टेक्सासमधील बॉबी लिमर यांनी १९८८ पासून ही पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरून हे गुच्छ एकेक करून वेगळे करण्याची रीत बसविली. डोक्यामागे एका चौरस सेंटिमीटरात असे ६० ते ८० गुच्छ असतात. २५ सेंटिमीटर लांब आणि १ सेंटिमीटर रुंद पट्टी काढली तर दीड ते दोन हजार गुच्छ हाती येतात. मागे एकच लांब चीर राहते आणि तिच्या दोन्ही कडा ओढून एकत्र शिवता येतात. साठ चौरस सेंटिमीटरांच्या डागांऐवजी, शिवण चांगली बसली तर, मिलिमीटर-दीड मिलिमीटर रुंदीची एक रेघ. हा लाभ थोडा नव्हे. परंतु "चांगली बसली तर" या तीन शब्दांतच सगळी मेख आहे.

ती समजण्यासाठी कातडी कशी सांधते हे पाहावयास हवे. कातडी तुटली की शरीर ती जागा भरून काढते. पण पूर्वीसारखी कातडी पुन्हा विणून देत नाही. चार-पाच दिवसांनी तेथे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू घातले जाऊ लागतात. या नव्या भागात केसांची मुळे नसतात, घामाच्या ग्रंथी नसतात, पुष्कळदा रंगही फिका असतो. म्हणून व्रण उघडा दिसतो. त्याची बळकटीही हळूहळू येते. दोन आठवड्यांनी ती मूळ कातडीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, तीन आठवड्यांनी सुमारे पाचव्या हिश्शाइतकी, आणि तीन महिन्यांनी सुमारे चार पंचमांश. त्यापलीकडे ती फारशी जात नाही.

आता टाके काढतात ते दहाव्या ते चौदाव्या दिवशी. म्हणजे ज्या दिवशी आधार निघतो त्या दिवशी जखम स्वतःच्या बळावर उभी राहण्यास अजून पुरती समर्थ झालेली नसते. कडा घट्ट ओढून शिवलेल्या असतील तर त्या परत आपल्या जागी जाऊ पाहतात. कच्चे तंतू ताणले जातात आणि रेघ रुंदावत जाते. टाके काढतेवेळी सुतासारखी दिसणारी रेघ चौथ्या महिन्यात पेन्सिलीएवढी झालेली आढळते ती यामुळे. टाके काढले त्या दिवशी घेतलेले छायाचित्र दाखवून कोणी आपल्या हातोटीची वाखाणणी करीत असेल तर ते छायाचित्र निकालाचे नसते. निकाल वर्षभराने कळतो.

सुश्रुतसंहितेत, सूत्रस्थानात, जखम शिवण्याचा विचार आहे, आणि तो आजही वाचण्याजोगा आहे. तागाचा धागा, अळशीच्या वाखाचा धागा, स्नायूची तात, एवढेच नव्हे तर केससुद्धा शिवण्यासाठी सांगितला आहे. शिवणीचे चार प्रकार दिले आहेत: वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथी. गोफणिकेत आपली गोफण सरळ दिसते, आणि तुन्नसेवनी म्हणजे रफू. टाके फार दूर घातले तर दुखते आणि फार जवळ घातले तर कडा फाटतात, अशा अर्थाची सूचनाही तेथे आहे. रक्तवाहिन्यांचे ज्ञान आजच्याइतके नसताना हे निरीक्षण केलेले आहे. आज आपण म्हणतो, टाका फार आवळला की कडेचा रक्तपुरवठा तुटतो. गोष्ट तीच.

केशारोपणात हा आवळलेला टाका दुहेरी हानी करतो, कारण कडेशी नुसती कातडी नाही, केसांची मुळे आहेत. कडा गुदमरली तर मुळे मरतात आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक टकली किनार तयार होते. ताणामुळे काही केस नुसते झडून पुन्हा येतात. तीन-चार महिन्यांत ते परततात. मेलेले मूळ परतत नाही.

मग जखम मिटवावयाची कशाने? एक मार्ग धातूच्या पिनांचा. कागद टाचावयाचे यंत्र असते तशाच तऱ्हेच्या उपकरणाने स्टेनलेस पोलादाच्या पिना कडांवर बसवितात. काम झटपट होते. पिना कातडीवर स्वार होऊन बसतात, आत फारशा शिरत नाहीत, म्हणून मुळांना कमी इजा होते असा या पक्षाचा मुख्य दावा आहे. उशीवर डोके टेकणे मात्र दहा-बारा दिवस जिकिरीचे होते, आणि काढतानाही चिमटे बसल्यासारखे वाटते. दुसरा मार्ग दोऱ्याचा. नायलॉन किंवा पॉलिप्रोपिलीनचा दोरा न विरघळणारा असतो. गुळगुळीत असल्यामुळे ऊतींना तो फारसा बोचत नाही, पण काढावा लागतो. विरघळणाऱ्या दोऱ्यांत पॉलिग्लेकाप्रोन २५ नावाचा एकपदरी दोरा केशारोपणात बराच रूढ झाला. त्याची ताकद आठवडाभरात जवळजवळ निम्म्यावर येते आणि तीन-चार महिन्यांत तो पूर्ण नाहीसा होतो. परगावाहून आलेल्या माणसाला टाके काढण्यासाठी पुन्हा यावे लागत नाही, ही सोय उघडच आहे.

पिना बऱ्या की दोरा बरा, यावर शल्यविशारदांत वर्षानुवर्षे वाद होत आला आहे. तटस्थपणे पाहिले तर उत्तर थोडे निराशाजनक आहे. ताण कमी असेल तर दोहोंनीही रेघ बारीक येते. ताण जास्त असेल तर दोहोंनीही रुंदावते. शिंपी चांगला असला तरी कापडच तोकडे असेल तर शिवण उसवावयाचीच.

म्हणून तिसरी रीत निघाली, दोन थरांची. आधी कातडीखालच्या थरात विरघळणाऱ्या दोऱ्याचे टाके घालून कडा जवळ आणावयाच्या, म्हणजे सगळा ताण तो खोल थर घेतो. आणि वरची कातडी मग हलक्या हाताने, नुसती टेकवल्यासारखी शिवावयाची. या खालच्या थरासाठी बहुधा जास्त दिवस टिकणारा दोरा वापरतात. पॉलिग्लॅक्टिन ९१० या दोऱ्याची सुमारे निम्मी ताकद तीन आठवड्यांनंतरही उरते. विचार सरळ आहे: वरचे टाके निघाल्यानंतरच्या कच्च्या दिवसांत आतून कोणी तरी धरून ठेवावे. यातही दोष आहेत. खोल टाका चुकीच्या पातळीवर पडला तर तोच केसांची मुळे आवळतो. फार वर पडला तर काही आठवड्यांनी दोऱ्याचे टोक फोडासारखे बाहेर येते. तरीही पट्टी बरीच रुंद असेल किंवा हे दुसरे-तिसरे ऑपरेशन असेल, तर दोन थरांची शिवण पुष्कळांना अधिक भरवशाची वाटते.

आतापर्यंतचे सर्व प्रयत्न रेघ बारीक करण्याचे होते. २००५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील मारिओ मार्झोला, फ्रान्समधील पॅट्रिक फ्रेशे आणि अमेरिकेतील पॉल रोझ यांनी दुसऱ्याच दिशेने विचार पुढे आणला. रेघ राहावयाचीच असेल तर तिच्यातूनच केस का उगवू नयेत? कपाळाच्या शस्त्रक्रियांत ही कल्पना पूर्वीपासून वापरात होती. ती आता डोक्यामागे आली. तिला ट्रायकोफायटिक शिवण म्हणतात. ग्रीक भाषेतील केस आणि रोपटे यांवरून हे नाव बनले आहे.

कृती ऐकावयास किरकोळ वाटेल. पट्टी काढल्यावर, कडा जुळविण्यापूर्वी, एका कडेची अगदी वरची साल सुमारे एक मिलिमीटर रुंदीने तासून काढतात. तेथील केसांचा वरचा भाग कापला जातो, पण खाली मुळे शाबूत राहतात. मग दुसरी कड या तासलेल्या पायरीवर आणून बसवितात आणि शिवतात. तासलेल्या कडेखाली दडलेले केस पुढील काही महिन्यांत वर वाढू लागतात आणि वर बसलेल्या सांध्याला भेदून बाहेर येतात. म्हणजे पांढऱ्या रेघेच्या अंगातूनच केस निघतात आणि पाहणाऱ्याची नजर तिच्यावर अडकत नाही. न्हावी मागचे केस बारीक कापतो तेव्हा साधी शिवण आणि ही शिवण यांतील फरक लख्ख दिसतो.

तासणी किती खोल, याला मात्र फार महत्त्व आहे. केसाच्या मुळाशी तेलग्रंथी असते आणि तिच्याजवळच्या फुगीर भागात केस पुन्हा उत्पन्न करणाऱ्या पेशी राहतात. सुरी तेथपर्यंत गेली तर केस कायमचा गेला. एक मिलिमीटरच्या आतच थांबावे लागते. कधी कधी दडलेला केस बाहेर न पडता आतच वाकतो आणि पुळी किंवा गाठ येते. ती बहुधा थोड्या दिवसांत बरी होते. आणि या रीतीला एक मर्यादा आहे ती कोणत्याही जाहिरातीत ठळकपणे छापलेली नसते. रेघ जर ताणाने चार-पाच मिलिमीटर रुंद झाली, तर एक मिलिमीटरच्या तासणीतून आलेली केसांची एक-दोन ओळ तिला झाकू शकत नाही.

अखेर सगळे येऊन थांबते ते ताणाशी, आणि ताण ठरतो तो टाक्यांच्या आधी, पट्टी आखतानाच. डोक्याच्या कातडीचा सैलपणा माणसामाणसांत निराळा असतो. दोन्ही हातांची बोटे मागे ठेवून कातडी वरखाली सरकवून पाहिली तर कोणाची सहज सरकते, कोणाची कवटीला चिकटल्यासारखी असते. घट्ट कातडीतून दीड सेंटिमीटर रुंद पट्टी काढणे हा शिवणीचा नव्हे, आखणीचा अपराध आहे. कानामागच्या हाडाशी ताण सर्वांत जास्त, म्हणून तेथे पट्टी निमुळती करतात. पट्टी मानेकडे फार खाली घेतली तर प्रत्येक वेळी मान वाकविताना जखम ओढली जाते, आणि तेथील व्रण हटकून रुंद होतो. ऑपरेशननंतर काही आठवडे वजने उचलू नयेत, मान फार वाकवू नये, असे सांगतात त्याचे कारण हेच.

येथे एक आडवळण घ्यावेसे वाटते. मुले पडतात आणि डोक्याला खोक पडते, हे घरोघरचे आहे. सिंगापूरच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये एक युक्ती प्रसिद्ध केली: जखमेच्या दोन्ही बाजूंच्या केसांच्या बटा एकमेकींत एकदा पिळावयाच्या आणि त्यावर वैद्यकीय चिकटद्रव्याचा थेंब सोडावयाचा. टाका नाही, भूल नाही, मुलाची रड नाही. केशारोपणाच्या ताणलेल्या जखमेला ती चालणार नाही. ती लहान, सरळ खोकेसाठी आहे, आणि डॉक्टरांच्याच हाताने करावयाची आहे. घरातील बाजारी चिकटद्रव्याने नव्हे.

पट्टी नको, टाकेच नकोत, असे म्हणणारा पक्ष आज मोठा आहे. २००२ मध्ये विल्यम रॅसमन आणि रॉबर्ट बर्नस्टाइन यांनी सहकाऱ्यांसह जिचे वर्णन प्रसिद्ध केले त्या एफयूई पद्धतीत एक मिलिमीटरच्या आसपास व्यासाच्या नळीने गुच्छ एकेक करून काढतात आणि भोके न शिवता भरून येऊ देतात. म्हणजे ओरेन्ट्राइक यांचीच टिकली, पण फार लहान. भारतात आणि तुर्कस्तानात आज हीच पद्धत अधिक चालते. "व्रण राहत नाही" असे तिच्याविषयी सर्रास सांगतात; ते खरे नाही. ०.९ मिलिमीटर व्यासाची २००० भोके म्हणजे बारा-तेरा चौरस सेंटिमीटर कातडी, आणि प्रत्येक भोकाचा, आकसलेला का होईना, एक पांढरा ठिपका. हे ठिपके विखुरलेले असतात म्हणून केस अर्धा सेंटिमीटर ठेवले तरी दिसत नाहीत. बारीक केस ठेवणाऱ्याला यात निश्चित लाभ आहे. डोके पूर्ण उतरविले तर मात्र तेही दिसू शकतात. आणि हव्यासाने एकाच जागेतून फार गुच्छ उपसले तर मागची बाजू कसर लागलेल्या शालीसारखी विरळ होते. तो दोष कोणत्याही टाक्याने दुरुस्त होत नाही.

घाटावरच्या त्या गृहस्थासारख्यांना प्रश्न पडतो, आता काय? कातडीत सैलपणा उरला असेल तर जुनी रेघ कापून, दोन थरांत व ट्रायकोफायटिक रीतीने पुन्हा शिवता येते. सैलपणा नसेल तर पुन्हा कापणे म्हणजे रेघ आणखी रुंद करणे. अशा वेळी रेघेवरच एफयूईने काढलेले गुच्छ लावतात. व्रणाला रक्तपुरवठा कमी असल्यामुळे ते विरळ लावून, गरज पडल्यास काही महिन्यांनी पुन्हा लावावे लागतात. ज्यांच्या अंगावर लहान जखमेचाही उंच, खाजरा व्रण उठतो अशांनी मात्र कोणतीही सुरी लावण्यापूर्वी ते डॉक्टरांना सांगितले पाहिजे. सावळ्या कातडीच्या लोकांत ही प्रवृत्ती अधिक आढळते.

हे सर्व काम कोणाच्या हातून व्हावे याविषयी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये सूचना काढल्या. केशारोपण ही शस्त्रक्रिया आहे, रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच ती करावी, आणि एखाद्या शिबिरात बसून किंवा चित्रफिती पाहून ती शिकल्याचे मानता येणार नाही, असा त्यांचा आशय आहे. भूल आणि देखरेख यांतील चुकांनी आपल्या देशात केशारोपणानंतर माणसे दगावलेली आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सूचना कडक वाटत नाहीत. डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्नही अवघड नाहीत. पट्टी किती रुंद घेणार? माझी कातडी किती सैल आहे? एक थर की दोन? कड तासणार का? वर्षभर लोटलेल्या रोग्याचे, केस बारीक कापून मागून घेतलेले छायाचित्र आहे का? या शेवटच्या प्रश्नावर पुष्कळ ठिकाणी संभाषणाचा विषय बदलतो.

ज्याला पुन्हा सुरीच नको असेल त्याच्यासाठी एक वरवरचा उपायही आहे. बारीक सुईने रेघेवर केसांच्या खुंटांसारखे काळसर ठिपके गोंदवून घेतात. आपल्या आज्या-पणज्यांनी हातावर गोंदवून घेतले तसेच हे गोंदण. फक्त शाई उथळ भरतात आणि तिची छटा केसांशी जुळवितात. तुळतुळीत डोक्यावरही त्यामुळे रेघ पुष्कळशी मिसळून जाते. काही वर्षांनी शाई फिकी होते आणि ठिपके पुन्हा भरून घ्यावे लागतात.